खुर्चीतले आणि रांगेतले



आजचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न आम्हाला निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला: एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का? त्याचं उत्तर आम्ही आज देणार नाही. इतिहासवाल्याला भविष्य विचारू नये. तो धंदा करणारे वेगळे आणि त्यांची दक्षिणाही वेगळी. पण प्रश्न थोडा फिरवून घेतला तर इतिहासाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. यापूर्वी यंत्र आलं, तेव्हा नेमकी कोणाची नोकरी गेली?

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही बरं का. 'नोकऱ्या गेल्या' असं म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या घटनांना एकच नाव देतो. एक म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवलं जातं. दुसरी घटना अशी, की खुर्चीतल्या माणसाला कोणी हात लावत नाही. तो यथावकाश निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळतं, आणि त्या खुर्चीत पुन्हा कोणी बसत नाही. पहिल्या घटनेची बातमी होते. दुसरीत कोणाला पत्र दिलेलं नसतं, दारात घोषणा नसतात, त्यामुळे बातमीही नसते. नोकरी मात्र दोन्हीकडे गेलेली असते. दुसऱ्या वेळी ज्याची ती गेली त्याला ती कधी आपली होणार होती हेसुद्धा कळत नाही, इतकंच.

आजची काही उदाहरणं या चष्म्यातून बघू. जुलै 2023 मध्ये बंगळुरूच्या 'दुकान' या कंपनीच्या प्रमुखांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं, की ग्राहकसेवेतली 90 टक्के माणसं काढून तिथे चॅटबॉट बसवला आहे. ग्राहकाची तक्रार सोडवायला आधी 2 तास 13 मिनिटं लागायची, आता 3 मिनिटं 12 सेकंद लागतात, असं त्यांनी अभिमानाने लिहिलं. ही झाली पहिल्या प्रकारची घटना. शिव्याही भरपूर पडल्या.

आता स्वीडनची 'क्लार्ना' बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये तिने जाहीर केलं, की आपल्या एआय मदतनिसाने पहिल्याच महिन्यात 23 लाख संभाषणं हाताळली आणि हे काम 700 पूर्णवेळ माणसांइतकं आहे. 2022 अखेर या कंपनीत साडेपाच हजारांच्या आसपास माणसं होती, 2024 अखेर ती साडेतीन हजारांच्या आत आली. हे कसं झालं? प्रमुखांचं उत्तर असं होतं, की आम्ही नवी भरती थांबवली आणि जे आपणहून गेले त्यांच्या जागा भरल्या नाहीत. पुढे 2025 मध्ये त्याच गृहस्थांनी कबूल केलं, की खर्चाच्या मागे लागून सेवेचा दर्जा खालावला आणि ग्राहकाशी बोलायला पुन्हा माणसं हवीत. बातमी झाली ती या माघारीची. न भरलेल्या जागांचा हिशेब कोणी फारसा विचारला नाही. आयबीएमनेही मे 2023 मध्ये तेच म्हटलं होतं: कार्यालयीन कामांच्या काही जागांवर भरती थांबवू, पाच वर्षांत सुमारे 7,800 जागांचं काम एआय करू शकेल. ही दुसऱ्या प्रकारची घटना.

आणि टीसीएस. जुलै 2025 मध्ये तिने सुमारे 2 टक्के म्हणजे 12 हजारांच्या वर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. एआयमुळे नव्हे, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही म्हणून, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं याचा निवाडा आपण करायला नको. टीसीएसचं नाव इथे येतं आहे ते वेगळ्या कारणाने. ही कंपनी 1968 साली मुंबईत सुरू झाली, आणि त्याच वर्षांत याच देशात संगणक कार्यालयात येऊ द्यायचा की नाही यावर रस्त्यावर भांडण चाललं होतं. त्या भांडणाकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी थोडं अमेरिकेला जाऊन येऊ.

कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस होता. अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्याचा व्यवसाय. आख्यायिका अशी, की गावातल्या दुसऱ्या अशाच व्यावसायिकाची बायको टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती बिनदिक्कत आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. म्हणून चिडून याने ऑपरेटर नको असलेलं एक्स्चेंजच शोधून काढलं. गोष्ट खरी असेल-नसेल. पेटंट मात्र खरं आहे, 1891 चं, आणि 1892 साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात असं स्वयंचलित एक्स्चेंज सुरूही झालं. मोठ्या बेल कंपनीने मात्र ते घाऊक प्रमाणात स्वीकारायला जवळजवळ तीस वर्षं घेतली. शोध लागणं आणि तो नोकरीवर येऊन आदळणं यात केवढं अंतर असू शकतं, हे यातून लक्षात येतं.

1920 च्या जनगणनेत अमेरिकेत पावणेदोन लाखांहून जास्त स्त्रिया टेलिफोन ऑपरेटर होत्या. बहुतेक तरुण. शाळा संपवून लग्नापर्यंत, किंवा पुढेही, करायची ती नोकरी. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. मग एकेका शहरात डायलचे फोन आले. हे संशोधकांच्या दृष्टीने फार सोयीचं झालं, कारण बदल एका रात्रीत व्हायचा आणि प्रत्येक शहरात वेगळ्या तारखेला. जेम्स फायगनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदी जुळवून याच मुलींचा माग काढला.

त्यांना काय दिसलं? डायल आलं त्या शहरांत तरुण ऑपरेटरांची संख्या निम्म्याहूनही खाली कोसळली. पण त्यानंतर वयात आलेल्या मुलींच्या रोजगारात एकंदरीने खड्डा पडलेला दिसत नाही. त्या टायपिस्ट झाल्या, सेक्रेटरी झाल्या, उपाहारगृहांत कामाला लागल्या. तोटा झाला तो ज्या आधीच ऑपरेटर होत्या त्यांचा. दहा वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या अनेक जणी कामावरच नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कमी पगाराच्या कामांत गेलेल्या होत्या. म्हणजे तिथे किंमत मोजली खुर्चीतल्यांनी. रांगेतल्यांना दुसरी रांग सापडली.

'यंत्राने नोकऱ्या जात नाहीत, नव्या येतात' असं सांगणारे लोक या गोष्टीचा अर्धा भाग सांगतात. नव्या आल्या, हे खरंच आहे. पण जुन्यांची गेली आणि नव्या आल्या त्या दुसऱ्याच बायकांना. सरासरी काढली की दोघी एकमेकींत मिटून जातात.

आता आपल्याकडे या.

मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकाच्या शेवटी एक इंग्रजी शब्द कामगारांच्या तोंडी बसला: रॅशनलायझेशन. त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा होता. एका विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायचे. 1928 सालच्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. गिरणी कामगार युनियनचा जन्म त्याच संपातला. यंत्र वाईट असं त्या संपातला विणकर म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं, तिसरा माग मी सांभाळला तर त्या मागावरचा माझा गाववाला कुठे जाणार? चाळीत एका खोलीत दहा जण राहणाऱ्या, एकाच तालुक्यातून आलेल्या माणसांचा हा प्रश्न होता. त्यांना खुर्चीतला आणि रांगेतला असा भेद करणं परवडणारंच नव्हतं. गावाहून येणारा धाकटा भाऊ रांगेत उभा होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कागदावर आला. 1957 साली पंधराव्या भारतीय कामगार परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी यांत्रिकीकरणाबद्दल काही तत्त्वं मान्य केली. असलेल्या कामगारांची कपात होऊ नये आणि त्यांची कमाई घटू नये, कामाचा बोजा नीट मोजला जावा, आणि फायद्याची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य व्हावी. आजच्या कंपन्यांच्या भाषेशी तुलना केली तर ही तत्त्वं फारच सभ्य वाटतात. पण त्यातल्या 'असलेल्या' या शब्दावर बोट ठेवा. आपल्याकडच्या पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास त्या एका विशेषणात आहे.

1956 साली 245 विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं. लाखो पॉलिसी, प्रत्येकीचे हप्ते, नोटिसा, बोनस. पंचकार्डाची यंत्रं आधीपासून होतीच. 1960 च्या दशकात महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं आणि मुंबईत तो आलाही. कलकत्त्यात मात्र इलाको हाऊस या इमारतीत तो बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. हे वाचून आज हसू येतं. एका यंत्राला अडवायला माणसं रात्रभर जिन्यात बसलेली! हसण्याआधी ते वर्ष बघा. दोन युद्धं आणि दुष्काळ नुकतेच झालेले, रुपयाचं अवमूल्यन झालेलं, आणि सुशिक्षित बेकारांच्या फौजा. अशा काळात कारकुनाची नोकरी म्हणजे अख्ख्या कुटुंबाचा शेतसारा, शाळेची फी आणि बहिणीचं लग्न. पहारा देणाऱ्यांना आपण मूर्ख म्हणू नये.

याच वादातून सरकारने 1969 मध्ये ऑटोमेशनवर समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण? पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर. ज्यांनी नीळकंठ रथ यांच्यासोबत 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा तो गाजलेला अभ्यास मांडला, तेच दांडेकर. एका हाताने देशातली उपासमार मोजणारा माणूस दुसऱ्या हाताने संगणकाचं काय करायचं ते ठरवत होता. 1972 साली अहवाल आला आणि त्याचा सूर सावध होता: संगणकाला सरसकट दार उघडू नये, कुठे खरंच गरज आहे ते तपासून घ्यावं.

इथे मघाचं टीसीएस परत येतं. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक काम होतं सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ लावण्याचं. म्हणजे बँकेच्या आत संगणक येण्यावर वाद होता, पण बँकेचं काम बाहेर संगणकावर जाऊन होऊन येत होतं. यंत्र अडवता येतं, काम अडवता येत नाही. ज्याला आपण पुढे आउटसोर्सिंग म्हणायला लागलो, त्याची ही पहिली पावलं.

आता बँकेत शिरू. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण ऐकणाऱ्यांत ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना हे जग आठवत असेल, आणि धाकट्यांना ते सांगितल्याशिवाय पटणार नाही.

तुम्ही पैसे काढायला गेलात की स्लिप भरून काउंटरवर द्यायची. कारकून तुम्हाला पितळेचा टोकन देणार. मग तो मागे वळून हातभर रुंदीचं लेजर उघडणार, तुमचं पान शोधणार, रक्कम वजा करणार, आद्याक्षरं करणार. ते लेजर आणि स्लिप शिपाई अधिकाऱ्याकडे नेणार. अधिकारी सही पडताळणार. मग कॅशियर. तो टोकन नंबर पुकारणार आणि तुम्ही, तोवर बाकावर बसून अर्धा पेपर वाचून झालेले, उठून जाणार. संध्याकाळी सगळी व्हाउचरं एकत्र करून बेरजा. बेरीज जुळली तर घरी. नाही जुळली, एक रुपया नव्वद पैशांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत कोणी घरी नाही. जून आणि डिसेंबर अखेर व्याजाची आकडेमोड. बचत खात्याच्या प्रत्येक पानावर प्रत्येक महिन्याची दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक शोधायची आणि त्यावर व्याज काढायचं. हजारो खाती. हे सगळं माणसं डोक्याने आणि हाताने करत होती, आणि फार चुका न करता करत होती.

19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शाखा तालुक्या-तालुक्यात गेल्या. खाती कित्येक पटींनी वाढली. ताळमेळ वर्षानुवर्षं मागे पडायला लागले. न जुळलेल्या नोंदींच्या आडोशाला अफरातफरही होत होती. म्हणजे यंत्राची गरज खोटी नव्हती, हे मान्य करून पुढे जाऊ.

8 सप्टेंबर 1983 या दिवशी बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांची समिती नेमली, तिचा अहवाल 1984 चा. काही कामगार संघटना 1984 हे संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळत होत्या, आणि त्याच सुमाराला बँकेच्या काउंटरवर यंत्र येत होतं. कसं आलं? नाव बदलून. 'संगणक' हा शब्द नको, म्हणून त्याला म्हणायचं 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. खातेवहीत नोंद करणारं यंत्र, बस्स. मोठ्या शाखांमध्ये, ठरावीक संख्येनेच. जो ते चालवेल त्याला खास भत्ता. आणि यंत्रामुळे कोणाची कपात होणार नाही.

हा करार वाईट होता का? आमच्या मते मुळीच नाही. जगात यंत्राबद्दल जे करार झाले त्यात हा चांगल्यांपैकी म्हणावा लागेल. संघटना बोलणी करून बसली, यंत्र कोणतं, किती, कुठे, कोण चालवणार हे तिने ठरवून घेतलं, आणि एकाही सदस्याच्या चुलीला धक्का लागू दिला नाही. 1987 मध्ये पुढचा करार, 29 ऑक्टोबर 1993 ला त्याच्या पुढचा, दर वेळी दार थोडं अधिक उघडत. 1998 मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना 1 जानेवारी 2001 पर्यंत 70 टक्के व्यवहार संगणकावर आणायला सांगितलं. कारण भ्रष्टाचाराला आळा. तोपर्यंत वाद संपल्यातच जमा होता. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली आणि एक लाखाच्या आसपास लोक पैसे घेऊन बाहेर पडले. त्यातल्या 'स्वेच्छा' या शब्दात किती इच्छा होती हा वेगळा मुद्दा, पण सक्तीची कपात झाली नाही.

मग किंमत कोणी मोजली?

त्या काळात कारकुनांच्या भरतीची परीक्षा बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्ड घ्यायचं. बीएसआरबी. सातारा, लातूर, धुळे, चंद्रपूर, कुठल्याही गावच्या बी.कॉम. मुलाच्या टेबलावर तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका असायच्या. शाखा वाढत होत्या तोवर भरती होत होती. 1990 च्या दशकात ती आटत गेली, 2001 मध्ये तर बोर्डंच बरखास्त झाली. मोठ्या प्रमाणावरची सामाईक कारकून परीक्षा पुन्हा आली ती 2011 साली, आयबीपीएसमार्फत. मधल्या काळात ज्यांचं वय गेलं, त्यांना कोणी काढून टाकलं नव्हतं. त्यांना घेतलं नाही, एवढंच. त्यांच्या नावाचा एकही कागद त्या करारांच्या फायलींत नाही, कारण ते कोणत्याच संघटनेचे सदस्य नव्हते. नोकरीच नाही तर वर्गणी कशी भरणार?

अमेरिकेतल्या ऑपरेटर मुलींची गोष्ट इथे बरोबर उलटी झाली बघा. तिथे संघटना दुबळी, बदल एका रात्रीतला, म्हणून खुर्चीतल्या बायका पडल्या आणि रांगेतल्या निभावल्या. आपल्याकडे संघटना बळकट, बदल पंधरा-वीस वर्षांचा, म्हणून खुर्चीतले तरले आणि रांगेतले मागच्या मागे कमी झाले. यंत्र असं किंवा तसं हे ठरवत नाही. बोलणीच्या टेबलावर कोण बसलं होतं त्यावर ते ठरतं.

यात एक गोष्ट आम्हाला विशेष बोचते. मंडल आयोगाचा निर्णय 1990 चा, इंद्रा साहनी खटल्याचा निकाल 16 नोव्हेंबर 1992 चा, आणि केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा लागू झाल्या 8 सप्टेंबर 1993 पासून. बँकांचा मघाशी सांगितलेला करार त्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. कोणी हे ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि तशी शक्यताही नाही. पण ज्या घरांतून पहिल्यांदाच पदवीधर बाहेर पडत होते त्यांच्यासाठी दार कायद्याने उघडलं, आणि त्याच वर्षांत आतली खोली लहान होत गेली. लोहार, कुंभार, माळी, न्हावी यांच्या घरातल्या पहिल्या बी.कॉम.ला आरक्षण मिळालं, पण जागा निघण्याचं प्रमाण घटलं होतं.

'पण आयटी आलं ना!' असं कोणीतरी म्हणणारच. आलं. टीसीएस, इन्फोसिस, पुण्यात हिंजवडी, सगळं आलं. देशाची बेरीज केली तर कारकुनांच्या गेलेल्या जागांपेक्षा आयटीतल्या आलेल्या जागा पगाराने कितीतरी भारी. पण त्या जागेवर इंजिनिअर बसला, इंग्रजीतून शिकलेला, शहरातला किंवा शहरात राहण्याचा खर्च झेपणारा. मराठी माध्यमातून शिकलेला तालुक्याचा वाणिज्य पदवीधर तिथे क्वचित पोहोचला. तो पतसंस्थेत चिकटला, पिग्मी गोळा करत दुकानोदुकानी फिरला, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसला. रांग मोडली नाही, वळून तिकडे गेली.

एका बाजूने बोलतोय असं वाटू नये म्हणून यंत्राच्या बाजूचं एक उदाहरण देतो. मघाचं बचत खात्याचं व्याज आठवा, दहा तारखेपासूनच्या किमान शिल्लकीवर. पगार सात तारखेला जमा झाला आणि वीस तारखेला बहुतेक काढला गेला, तर त्या महिन्यात व्याज मिळायचं ते उरलेल्या किडुकमिडुकीवर. 1 एप्रिल 2010 पासून रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या शिल्लकीवर द्यायला लावलं. हाताने हजारो खात्यांचं रोजचं व्याज काढणं कोणत्याही कारकुनाला शक्य नव्हतं. संगणक होता म्हणून हे झालं. देशातल्या प्रत्येक लहान खातेदाराच्या खिशात चार पैसे जास्त पडले. 1957 च्या तत्त्वांतला 'समाजाचा वाटा' म्हणतात तो हाच. म्हणजे यंत्राचा फायदा वाटला जाऊ शकतो. वाटा, असं कोणीतरी सांगावं लागतं.

आता आजकडे. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांच्या मोठ्या साठ्यावरून एक निबंध मांडला. एआय ज्या कामांत सर्वांत जास्त घुसू शकतं, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर लिहिणं किंवा ग्राहकसेवा, तिथे 2022 च्या अखेरीपासून 22 ते 25 वयोगटातल्यांच्या रोजगारात इतरांच्या तुलनेने 13 टक्क्यांची घट दिसते. त्याच कामांतल्या अनुभवी माणसांचं तसं झालेलं नाही. या निष्कर्षावर तज्ज्ञांत वाद आहे, व्याजदर आणि इतर कारणंही असतील. पण चित्र आपल्या ओळखीचं आहे. खुर्चीतले बसलेत, रांग थांबली आहे. फरक एकच, की 1983 मध्ये खुर्चीतल्यांना कराराने वाचवलं होतं. आज त्यांना त्यांच्या अनुभवाने वाचवलंय, आणि तो किती दिवस वाचवेल हे कराराइतकं लिहून मिळालेलं नाही. शिवाय अनुभव येतो कुठून? पहिली दोन-तीन वर्षं रटाळ, सोपी, चुका करत केलेली कामं करून. बेरीज जुळेपर्यंत रात्री थांबलेला कारकूनच पुढे शाखाधिकारी झाला. ती रटाळ कामंच यंत्राकडे गेली तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस कोण असणार, हा कंपन्यांनी स्वतःच्या स्वार्थासाठी तरी विचारायचा प्रश्न आहे.

कायद्याचं काय, असं विचाराल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक कलम होतं, 9-अ. ज्या तंत्रबदलामुळे कपात होण्याचा संभव आहे तो करण्याआधी कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, औद्योगिक संबंध संहितेत ही नोटीस कायम आहे. कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून मिळण्याची नवी तरतूदही आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणतं कौशल्य शिकता येतं, ते तुम्हीच ठरवा. उलट, जिथे कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागते ती मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली आहे. आणि सॉफ्टवेअर अभियंता हा कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहे का, यावरच अजून खल चालतो. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने टीसीएसच्या कपातीबद्दल केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली, म्हणजे टेबलाच्या दिशेने कोणीतरी चालायला लागलं आहे. पण तीही असलेल्यांची संघटना.

रांगेतल्या माणसाबद्दल बोलणारा कायदा आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, कंत्राटी माणसं धरून. 2014 च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही त्यात आले. आपण हा कायदा आयटीआयच्या फिटर-टर्नरपुरता समजतो आणि सोडून देतो. ज्या कंपन्या आज नवखी माणसं घ्यायचं थांबवत आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी आपली ही टक्केवारी भरली, हे विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आस्थापनांबद्दल ते माहितीच्या अधिकारातही विचारता येईल.

इथे थांबू. प्रश्न असतील ते घेऊ या.